कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या काउन्सेलिंग सेंटरचा अनुभव : ८ सेशन, ८ हजार रुपये आणि ३९ फूट

पोस्ट लांबलीय पण ज्यांना रात्री तीनला जाग येते आणि मग पंख्याकडं बघत पडावं लागतं त्यांनी तरी पूर्ण वाचा. सेंटरचं नाव इथं टाकत नाही, कारण मी खाली काही तक्रारी पण लिहिल्यात आणि तिथल्या मॅडमचं काम मला मनापासून आवडलंय, उगीच नावावरनं चर्चा नको. कुणाला खरंच जायचं असेल तर मेसेज करा, सांगतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, ११ वर्षं झाली. घर कसबा बावड्यात. आमच्या कामात लोखंड वितळतं, ओततात, कास्टिंग बाहेर पडतं आणि त्यात ब्लोहोल निघाला, वाळू बसली, कोअर सरकला की पहिला फोन मला. दोन वर्षांपूर्वी आमच्यातले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि तिघांचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा मला वाटलं चार महिने निघतील, निभावून नेऊ. चार महिन्यांचे दोन वर्षं झाले.

मग एप्रिलमध्ये एका रात्री छातीत गच्च झालं, डावा हात जड, घाम, बायको म्हणाली अहो चला लगेच, रात्री साडेबाराला हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी टूडी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, बीपी जरा वर. डॉक्टर म्हणाले हार्टचं काही नाही, टेन्शन आहे, टेन्शन घेऊ नका. तपासण्या आधी करून घेतल्या ते बरोबरच झालं, छातीत दुखलं की आधी हार्टच बघायचं, त्यात चालढकल नको. पण "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य घेऊन घरी आलो आणि मला कळेना ते नेमकं करायचं कसं. मी काय ते दुकानातनं घेतो होय, की उद्यापासनं बंद केलं.

घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "लेका तालमीत ये, शंभर जोर मार, दोनशे बैठका मार, सगळं जातंय." मामांची माया खरी आहे आणि व्यायामानं फरक पडतोच, ते पुढं मला मॅडमनी पण सांगितलं. पण त्या वेळी मला जिना चढताना दम लागत होता, जोर कुठले मारतोय. आई म्हणाली जोतिबाला जाऊन ये. गेलो, बरं वाटलं, खाली येईपर्यंत फोनवर १४ मेसेज. शेवटी बायकोनंच तिच्या मैत्रिणीकडनं या सेंटरचा नंबर आणला. मी पंधरा दिवस नंबर नुसता खिशात घेऊन फिरलो. आपल्याकडं काय आहे की हाड मोडलं तर गडी प्लास्टर घालून रंकाळ्यावर फिरतो, पण डोक्याच्या डॉक्टरकडं गेला म्हंटलं की गल्लीत कुजबूज सुरू. मीही तसाच विचार करत होतो हे आता लिहायला मला जड जातंय.

पहिलं सेशन ५० मिनिटांचं, फी हजार रुपये. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, भिंतीवर आरसीआयचा रजिस्ट्रेशन नंबर लावलाय. हे बघून जा कुठंही जाताना, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथं असते. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावणारे पण आता झालेत. आणि सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्टचं, एमडी डॉक्टरचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी हा फरक सांगितला, आणि म्हणाल्या गरज वाटली तर मी स्वतः तुम्हाला तिकडं पाठवीन, त्यात कमीपणा नाही.

मग दहा प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या महिन्याभरात किती वेळा असं वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात, किती वेळा चिडचिड झाली, असं. प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, टोटल ४० पैकी. हा कागद शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीवरनं आलाय असं त्यांनी सांगितलं. माझे २९ आले. त्या म्हणाल्या हा आजाराचा शिक्का नाही, आज पाणी कुठं आहे एवढंच कळतं यातनं.

पाणी म्हंटल्यावर मी बोललो. बावड्यातला माणूस म्हणजे पावसाळ्यात दिवसातनं चार वेळा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणार. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, लहान पोराला पण पाठ. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा शिरोलीजवळ हायवे बंद, आम्ही कामाला नाही, मागच्या गल्लीतली माणसं आमच्या घरात. हे मी असंच सांगत होतो तर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमचे ३९ फूट कुठं आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. ४३ माहीत होते, ते त्या एप्रिलच्या रात्री हॉस्पिटलमध्ये गाठले. पण त्याच्या आधी इशारा कधी झाला, माझ्या अंगात ३९ फूट म्हणजे काय होतं, काहीच माहीत नाही. नदीची पातळी तासातासाला बघणारा माणूस मी, आणि स्वतःची दोन वर्षं बघितलेली नव्हती.

या एका प्रश्नासाठी मी हजार रुपये दिले असं म्हंटलं तरी चालेल.

तिथनं पुढं आठवडाभर नोंदवही. शंभर पानी साधी वही, रोज पाच-सहा वेळा लिहायचं, वेळ काय, काय झालं, अंगात कुठं जाणवलं आणि किती फूट. मला वाटलं फर्नेसचा प्रॉब्लेम, कस्टमरची ऑडिट, हे सगळ्यात वर येणार. आलं भलतंच. बुधवारी सेकंड शिफ्टला इंडक्शन फर्नेसचं पाणी लिक झालं, भट्टीत १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड, सगळे धावले, आणि माझ्या वहीत लिहिलंय २८ फूट. त्याच रात्री पावणेदहाला घरी जेवताना फोन नुसता व्हायब्रेट झाला, मेसेज अजून बघितला पण नाही, आणि लिहिलंय ४० फूट, जबडा आवळलेला, पोटात गोळा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, काही झालेलं नसताना, ३८. सकाळी पोरीची व्हॅन पाच मिनिटं उशिरा आली तर ४१ आणि मी त्या ड्रायव्हरला जे बोललो ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागितली.

मॅडमनी वही बघून सांगितलं की फर्नेसच्या वेळी काय करायचं हे तुम्हाला माहीत आहे, हातात काम आहे, माणसं आहेत. फोनच्या वेळी काय येतंय माहीत नाही आणि त्यावर रात्री काही करता पण येत नाही. ताण नुसता समोरच्या संकटावर ठरत नाही, ते संकट आपल्या आवाक्यातलं आहे की नाही असं आपल्याला वाटतं त्यावर ठरतो. रिचर्ड लाझारस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे मांडलंय. मला हे इतकं पटलं की मी घरी येऊन बायकोला वही काढून दाखवली. तिला हे आधीच माहीत होतं. ती म्हणाली अहो तुम्ही दहा वाजता जेवत नव्हता, नुसतं ताट समोर असायचं.

शरीरात काय होतं ते पण त्यांनी पॅडवर चित्र काढून समजावलं. समोरनं बिथरलेली म्हैस आली (आपल्याकडं गंगावेशीच्या बाजूला हे काही नवीन नाही) की किडनीच्या वर ज्या ग्रंथी असतात त्या ॲड्रिनालिन सोडतात, काही सेकंदांत छाती धडधडते, रक्त हातापायांकडं जातं, पोटाचं काम मंदावतं, मागनं कॉर्टिसोल येतं आणि साखर वाढवून ताकद पुरवतं. म्हैस गेली की हळूहळू सगळं खाली येतं. हे सगळं चांगल्यासाठीच आहे, जीव वाचवायला. पण फोनमधली म्हैस दिवसातनं वीस वेळा येते आणि कधी गेली तेच कळत नाही, म्हणून पाणी उतरत नाही. मी नंतर थोडं वाचलं तर हॅन्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरनं हेच दाखवलेलं, थंडी असो जखम असो की जास्त पळवणं असो, कारण वेगवेगळं पण शरीरात तेच ते बदल, त्या ग्रंथी सुजतात, पोटात जखमा होतात. माझ्या खिशात दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असायची.

आणि राधानगरी धरणाचं उदाहरण मीच दिलं त्यांना. तिथले ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. माझं घरी तसंच होत होतं. दिवसभर कंपनीत साहेबांसमोर गप्प, हो सर, करतो सर, आणि घरी आल्यावर पोरीनं पाण्याचा ग्लास सांडला की दरवाजा उघडला. मॅडम म्हणाल्या दरवाजा उघडणं तुमच्या हातात नसेल, पण धरण भरताना थोडं थोडं सोडणं हातात आहे. मग ते सोडायचं कसं, यावर पुढची दोन-तीन सेशन गेली.

त्यातलं श्वासाचं लगेच लागू पडलं. नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब ठेवला की हृदयाचे ठोके हळू होतात. मी गाडी पार्किंगला लावून हेल्मेट काढायच्या आधीच करतो आणि मग घरात जातो. दुसरं अंग आवळून सोडायचं, एडमंड जेकबसन यांची जुनी पद्धत, पायाच्या बोटांपासनं कपाळापर्यंत एकेक भाग पाच-सात सेकंद आवळायचा आणि एकदम सोडून द्यायचा. तेव्हा मला कळलं की माझे खांदे दिवसभर कानाजवळ असतात. आणि चहा! वहीत मोजले तर दिवसाला ७ कप, शेवटचा रात्री आठला. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात, मग तीनला जाग येण्यात त्याचाही हात असणारच. आता दुपारी तीननंतर चहा नाही, पहिले चार दिवस डोकं लई दुखलं, मग गेलं.

माझ्या हातातलं स्मार्टवॉच त्यांनी दोन आठवडे काढून ठेवायला लावलं. त्यात स्ट्रेसचा आकडा येतो, मी तो सारखा बघायचो आणि वाढलेला दिसला की आणखी वाढायचा. घड्याळ फक्त ठोक्यांमधलं अंतर कसं कमीजास्त होतं ते मोजतं, तुम्ही जिना चढलाय, जागरण झालंय की साहेब ओरडलाय ते त्याला कळत नाही. वहीत स्वतः लिहिलेला फूट जास्त खरा निघाला.

विचारांचं जे काम झालं ते अवघड होतं. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की ऑडिटमध्ये एक मोठी एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमात न बसणारी चूक) निघाली की नोकरी गेली, हप्ते थांबले, पोरीची शाळा गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं. मॅडमनी नुसतं "पॉझिटिव्ह विचार करा" म्हंटलं नाही, म्हंटलं असतं तर मी उठून आलो असतो. त्यांनी विचारलं ११ वर्षांत किती ऑडिट झाल्या, किती एनसी निघाल्या, त्यातनं कितीजणांची नोकरी गेली. आम्ही क्वालिटीची माणसं पुराव्याशिवाय रिजेक्शन मान्य करत नाही, पण स्वतःच्या डोक्यातला प्रत्येक विचार मी विनातपासणी पास करत होतो. ११ वर्षांत एनसीमुळं एकाचीही नोकरी गेलेली नाही. कागदावर लिहिल्यावर ते दिसलं.

पण मला या सेंटरबद्दल सगळ्यात जास्त आदर सहाव्या सेशनमुळं वाटतो. तिथं त्या स्पष्ट बोलल्या की तिघांचं काम एकानं करायचं हा श्वासाच्या व्यायामानं सुटणारा प्रश्न नाही, तो कामाचा प्रश्न आहे आणि तो कामाच्या ठिकाणीच मांडावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा पण त्याला आजार म्हंटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळलेल्या ताणातनं येणारी अवस्था असं म्हंटलंय. आमच्या कंपनीत गेल्या वर्षी स्ट्रेस मॅनेजमेंटचं एक ट्रेनिंग झालेलं, तीन तास स्लाइड, टाळ्या, हास्ययोग, ग्रुप फोटो. कुणी एकानं पण विचारलं नाही की माणसं किती आणि काम किती. सगळा भार माणसाच्या मनावर टाकायचा आणि कामाला हात लावायचा नाही, हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते कुठंही बोलायला तयार आहे.

तर त्या दिवशी मॅडम झाल्या आमचे प्लांट हेड आणि मी झालो मी. पहिल्यांदा मी जे बोललो त्यात तक्रार होती, दुसऱ्यांदा त्यात माफी होती, तिसऱ्यांदा जमलं. मग सोमवारी खऱ्या साहेबांना जाऊन म्हणालो, "सर, रात्री साडेनऊला ग्रुपवर रिजेक्शनचा आकडा येतो, पीस बघितल्याशिवाय मला कारण सांगता येत नाही. मी सकाळी साडेसातला पीस बघतो आणि साडेआठला कारणासकट रिपोर्ट देतो. लाइन थांबली किंवा फर्नेस बंद पडली तर फोन करा, रात्री दोनला पण येतो." साहेब जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले "ठीक आहे, करून बघू." दुसरी मागणी होती एक इन्स्पेक्टर वाढवून द्यायची. ती अजून मान्य नाही, "बजेटमध्ये बघू" वर अडकलीय. म्हणजे अर्धंच काम झालंय. पण रात्री दहाला फोन किचनच्या ओट्यावर असतो आणि मी पोरीचं पाठांतर घेतो, हे अर्धं पण मला दोन वर्षांत मिळालेलं नव्हतं.

आता तक्रारी, त्या पण मनापासनं.

वेटिंगची जागा फार लहान, पाच खुर्च्या समोरासमोर. कोल्हापुरात कोण कुणाला ओळखत नाही असं होत नाही, मला तिसऱ्या वेळी पोरीच्या शाळेतले एक पालक भेटले, आम्ही दोघंही मोबाइलमध्ये बघत बसलो. आणि रिसेप्शनची मुलगी पूर्ण नाव आडनावासकट मोठ्यानं हाक मारते. पोरगी चांगली आहे, बोलायला गोड आहे, पण अशा ठिकाणी टोकन नंबर पाहिजे किंवा मधे पडदा तरी. एक काका हेल्मेट घालूनच बसलेले मी बघितलेत. त्यांच्यासाठी तरी हे करा.

होमवर्कचे कागद इंग्रजीत. मला येतं, पण आमच्या फेटलिंगमधल्या (कास्टिंग घासून साफ करतात तिथल्या) एकाला मी इथं पाठवणार होतो, तो हे कागद कसे भरणार? रिलॅक्सेशनची ऑडिओ पण हिंदी, मागं समुद्राचा आवाज. मराठीत, आपल्या बोलीत करून द्या, तुमच्या आवाजात द्या, लोक जास्त ऐकतील. मॅडमना मी हे सांगितलंय, त्यांनी लिहून घेतलंय.

पाचवं सेशन दोन तास आधी रद्द झालं, मी हाफ डे टाकलेला. पैसे घेतले नाहीत पण सुट्टी गेली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी फोन करून विचारून जा. संध्याकाळी सहानंतरच्या वेळा दोन-दोन आठवडे आधी भरतात, शिफ्टमधल्या माणसानं सकाळी दहाची घ्यावी. पार्किंगचं राजारामपुरीत जे आहे ते आहेच, टू-व्हीलरनं जा.

आणि पैशाचं. आठवड्याला हजार सगळ्यांना परवडणारे नाहीत, मला पण दोन महिने हात आखडता घ्यावा लागला. ज्यांना जमणार नाही त्यांनी कोल्हापुरातल्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाच्या ओपीडीला जावं, सरकारी आहे, तिथं सायकियाट्रिस्ट असतात. आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालाय. जीव नकोसा वाटतोय इथपर्यंत कुणाचं आलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच वेळी हा नंबर लावा आणि घरातल्या एकाला उठवून सांगा.

आठव्या सेशनला परत तो दहा प्रश्नांचा कागद भरला. २९ चे १७ आलेत. मॅडम म्हणाल्या मध्यम आहे, अजून पाणी आहे, पण आता तुम्हाला पातळी वाचता येते. माझे ३९ फूट आता मला माहीत आहेत, जबडा आवळला जातो आणि समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य मी मधेच तोडतो. हे झालं की मी पाच मिनिटं उठून वर्कशॉपच्या मागं कडुलिंबाखाली जातो. आमच्या मोल्डिंगच्या पोरांना पण आता माहीत झालंय, काल एकजण म्हणाला, "सर, जाऊन या तुम्ही, तोवर मी बघतो इथलं."

मॅडमच्या कामाला ५ पैकी ५. सेंटरच्या व्यवस्थेला ३. फॉलोअप तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये आहे. वेटिंगमध्ये पडदा लागलाय का आणि कागद मराठीत आलेत का ते बघून इथंच अपडेट टाकतो.